सहामाहीचा ताळेबंद



वसंत व्याख्यानमालेची प्रथा न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात सुरू केली. तेव्हापासून विद्वानांनी बोलावे आणि इतरांनी ऐकावे, अशी सर्वसाधारण रीत आहे. नांदगावच्या मंडळींनी यंदा ती रीत मोडली आणि दहावीला इंग्रजी व गणित या दोन विषयांत गचकलेल्या माणसाला महाविद्यालयीन शिक्षणावर बोलायला उभे केले. मी संयोजकांना म्हटले, "अहो, कॉलेजचा दरवाजा मला फक्त बाहेरून ठाऊक, तोही तिथल्या शिपायांची संघटना बांधली म्हणून." ते म्हणाले, "म्हणूनच या." तेव्हा आलो आहे. चुकलो तर पदरात घ्या.

मे महिना आहे. मुंबई, पुणे, कोल्हापूर येथून मुले घरी आली आहेत. तिठ्यावर उतरणाऱ्या प्रत्येक मुलाबरोबर त्याच्या सत्राचा निकालही उतरतो. पूर्वी तो पिशवीत असे, आता खिशातल्या फोनमध्ये असतो. घरात पाऊल टाकताच आपण विचारतो, "किती पडले?" आकडा कळला की आपली चौकशी संपते. चांगला असेल तर शेजारी पेढे, वाईट असेल तर घरात अबोला.

माझे म्हणणे असे की, खरी चौकशी तिथून पुढे सुरू व्हावी, आणि ती विद्यार्थ्याने स्वतः करावी. सत्र संपल्यावर त्याने आपला ताळेबंद मांडावा. आपले बळ कोणते ते लिहावे, आपली कमतरता कोणती तीही लिहावी. आणि त्या कमतरतेतही वाटणी करावी: एवढी माझी स्वतःची कसूर, आणि एवढे मला कधी मिळालेच नाही. ही वाटणी न झाल्यामुळे आपली काही चांगली मुले पहिल्या सहामाहीनंतर घरी येतात, ती पुन्हा जात नाहीत. आजचे सगळे बोलणे एवढ्या एका गोष्टीसाठी आहे.

आपल्याकडे हा प्रश्न अधिक नाजूक आहे, आणि त्याचे कारण आपला अभिमान आहे. कोकण विभागाचे परीक्षा मंडळ वेगळे झाले आणि २०१२ च्या पहिल्याच परीक्षेत दहावीच्या निकालात कोकण राज्यात पहिले आले. पुढेही तो मान आपल्याकडेच राहिला. २०२४ साली आपल्या विभागाचा दहावीचा निकाल ९९.०१ टक्के होता. म्हणजे शंभर मुले बसली तर नव्याण्णव पास. शिक्षकांचे, पालकांचे आणि मुलांचे यात कष्ट आहेत. मी त्यांना नमस्कार करतो. परंतु ज्या मुलाने आयुष्यात नापास हा शब्द फक्त बापाच्या तोंडून ऐकला, त्याला अठराव्या वर्षी, घरापासून दूर, एका खोलीत चार अनोळखी मुलांबरोबर राहत असताना तो पहिल्यांदा स्वतःच्या नावापुढे दिसला, तर त्याची काय अवस्था होते? त्याला वाटते, आजवरचे सगळे खोटे होते आणि हे एकच खरे आहे.

गेल्या वर्षीच्या शिमग्यातली गोष्ट सांगतो. काजूच्या कारखान्यात काम करणाऱ्या आमच्या एक भगिनी रात्री घरी आल्या. म्हणाल्या, "भाऊ, चेडू परत जाऊक तयार नाय. जरा समजावन सांगा तिका." मुलगी कोल्हापूरला विज्ञान शाखेत पहिल्या वर्षाला. दहावीला शाळेत पहिली आलेली. पहिल्या सत्रात पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्र या दोन विषयांत केटी लागली होती. मी गेलो तेव्हा बाहेर ढोल वाजत होते, आणि ही आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसली होती.

मला म्हणाली, "काका, माका जमाचा नाय. मी हुशार नाय, एवढाच."

मी म्हटले, "बाय, तुका काय काय येता, ता आदी सांग."

"कायच नाय."

तिला उपदेश करण्याचा मला अधिकार नव्हता. म्हणून मी तिला एका दुसऱ्या विद्यार्थ्याची हकिकत सांगितली. १८८८ साली एक मुलगा भावनगरच्या सामळदास कॉलेजात गेला. मॅट्रिकला त्याला शंभरात चाळीसच्या आसपास गुण होते. वर्गात प्राध्यापक काय सांगतात ते त्याला समजेना. रस वाटणे दूरच राहिले. पहिले सत्र संपले आणि तो घरी परतला, तो पुन्हा त्या कॉलेजात गेला नाही. त्या मुलाचे नाव मोहनदास गांधी. आत्मचरित्रात त्यांनी ही गोष्ट लपवलेली नाही. प्राध्यापक चांगले होते, कच्चा मीच होतो, असे ते स्वच्छ सांगतात.

मुलगी म्हणाली, "पण ते मगे मोठे झाले." बरोबर आहे. मोठ्या माणसांच्या गोष्टीत हाच एक दोष असतो. शेवट आधीच ठाऊक असतो. म्हणून मी तिला पुढचा, कमी सांगितला जाणारा भाग सांगितला. तोच मुलगा विलायतेत गेला आणि तिथे लंडनच्या मॅट्रिक परीक्षेला बसला. लॅटिनमध्ये नापास झाला. तेव्हा त्याने बसून विचार केला. लॅटिनची गोडी लागली होती, तेव्हा तिचा पुन्हा अभ्यास करायचा. विज्ञानात रसायनशास्त्र घेतले होते, पण प्रयोग करायला मिळत नसल्यामुळे त्यात मन लागत नव्हते. तेव्हा ते सोडून उष्णता व प्रकाश हा विषय घ्यायचा. पुढच्या वेळी तो पास झाला. भावनगरला त्याने फक्त हार पाहिली होती. लंडनला त्याने हार उलगडून पाहिली: यातले काय ठेवायचे, काय बदलायचे, कशावर जास्त वेळ घालायचा. या उलगडून पाहण्यालाच मी ताळेबंद म्हणतो.

मग मी तिची वही मागितली आणि एका पानावर तीन रकाने पाडले. पहिल्यावर लिहिले, "येते". दुसऱ्यावर, "माझी कसूर". तिसऱ्यावर, "मिळाले नाही".

पहिला रकाना भरायला सर्वांत जास्त वेळ लागला. स्वतःबद्दल चांगले लिहायची आपल्या मुलींना सवय नाही. गणितात तिला ७१ गुण होते, ते ती विसरूनच गेली होती. मी तिच्या आईला विचारले, "घरात हिचा उपयोग काय होतो?" आई म्हणाली, माझ्या कामाचा हिशोब हीच ठेवते. आमच्याकडे काजू फोडण्याची मजुरी किलोवर मिळते. ही पोरगी चौथीपासून रोजचे वजन वहीत टिपत आली आहे, आणि दोनदा पावतीवरची चूक तिने पकडून दिलेली आहे. मी म्हटले, "लिही: मोजमाप नेटके ठेवते, चूक शोधते." ती हसली. म्हणाली, हे काय शिक्षण आहे? मी म्हटले, प्रयोगशाळेत दुसरे काय करतात?

काजूच्या कारखान्यातल्या भगिनी इथे बसल्या आहेत, त्यांना प्रतवारी सांगायला नको. डब्ल्यू ३२० म्हणजे एका पौंडात सुमारे ३२० गर बसतील असा अख्खा काजू. डब्ल्यू १८० म्हणजे त्याहून मोठा, तो महाग. पाकळी वेगळी, तुकडा वेगळा. प्रतवारी करणारी बाई आकार, रंग आणि अख्खेपणा पाहते. तिने तुकड्यात टाकलेला गर चवीला कमी असतो, असे तीही म्हणणार नाही. परीक्षा ही अशीच एक चाळण आहे. ती लागते, तिच्याशिवाय व्यवहार चालणार नाही. पण ती ज्यासाठी केली आहे तेवढेच तिला दिसते.

याचा अर्थ चाळणीला तुच्छ लेखावे असाही नाही. तमिळनाडूतल्या कुंभकोणमला १९०४ साली रामानुजन नावाचा मुलगा शिष्यवृत्ती मिळवून कॉलेजात गेला. गणितावर त्याचे प्रेम इतके की बाकीच्या विषयांकडे त्याने पाठ फिरवली. इंग्रजीत नापास झाला आणि शिष्यवृत्ती गेली. पुढे मद्रासच्या कॉलेजातही तोच प्रकार झाला. १९१३ साली त्याने केंब्रिजच्या हार्डीसाहेबांना पत्र लिहिले आणि १९१८ साली तो रॉयल सोसायटीचा सभासद झाला, हे खरे. पण मधली अनेक वर्षे उपासमारीत आणि नोकरी शोधण्यात गेली, हेही खरे. त्याच्या बळाला मोजणारा रकाना कॉलेजपाशी नव्हता. आणि त्यानेही आपल्या कमतरतेचा रकाना उघडून पाहिला नाही. दोन्हीकडून नुकसान झाले.

दुसरा रकाना मात्र मुलीने भराभर लिहिला. रसायनशास्त्राच्या शिकवणीच्या तासांना शेवटचे सहा आठवडे गेले नाही. जुन्या प्रश्नपत्रिका सोडवल्या नाहीत. रात्री फोन पाहत बसले. समजले नाही तरी विचारले नाही. हा शेवटचा मुद्दा लिहिताना तिचा हात थांबला, आणि मला माझे दिवस आठवले.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्यांत माझे वडील होते. मी तेव्हा बारा वर्षांचा. संप लांबत गेला, आम्ही बिऱ्हाड आवरून गावी आलो. दहावीत मी नापास झालो आणि ठाण्याकडच्या एका कारखान्यात हेल्पर म्हणून लागलो. बोलता येत होते, भीती कमी होती, म्हणून दहा वर्षांत संघटनेचा कार्यकर्ता झालो. पुढे एका ठिकाणी आम्ही करार केला. कागद इंग्रजीत होता. वाचून दाखवला गेला, मी मान डोलावली. त्यात "फुल अँड फायनल" असे शब्द होते. त्यांचा अर्थ मला पुरता कळला नव्हता, पण समोर सुटाबुटातली माणसे, मागे माझ्यावर भरवसा ठेवलेले कामगार. विचारायची लाज वाटली. मी सही केली. त्या दोन शब्दांनी त्रेचाळीस कामगारांची मागची थकबाकी मागण्याचा हक्क संपला. एका वयस्क कामगाराने मला पुढे एवढेच विचारले, "तू थांबवून विचारले का नाहीस?" त्याला उत्तर द्यायला माझ्यापाशी काही नव्हते.

मला इंग्रजी येत नव्हते, ही माझी कसूर नव्हती. परिस्थितीने ते दिले नाही. पण येत नाही हे लपवले, ती कसूर माझी होती. त्या दिवसानंतर मी वाचनालयातून इंग्रजी-मराठी कोश आणला आणि रोज रात्री कामगार कायद्याचे एक पान, एकेक शब्द शोधत वाचू लागलो. एका पानाला कधी दोन तास लागत. पुढे पुढे वेग आला. आजही माझे उच्चार ऐकून वकील हसतात, हसोत बापडे. पण न समजलेल्या कागदावर मी पुन्हा सही केलेली नाही.

आता तिसरा रकाना. हा लिहायला मुलगी तयार नव्हती. "ह्या सगळी निमित्ता झाली," म्हणाली. तिचा हा प्रामाणिकपणा मला आवडला, आणि त्याची काळजीही वाटली. मी एकेक विचारत गेलो. दहावीपर्यंतचे विज्ञान मराठीत. अकरावीपासून इंग्रजीत, ती दोन वर्षे शब्द पाठ करण्यात गेली. त्वरण म्हणजे काय हे तिला पक्के ठाऊक. "ॲक्सिलरेशन" म्हटले की तिला तेच आठवायला क्षणभर लागे, आणि तेवढ्यात प्राध्यापक तीन वाक्ये पुढे गेलेले असत. बारावीपर्यंत प्रयोग गुरुजींनी टेबलावर करून दाखवले, मुलांनी लांबून पाहिले. व्हर्निअर कॅलिपर तिने पहिल्यांदा हातात धरला तो कोल्हापुरात. वसतिगृहात जागा मिळेपर्यंत सत्राचे दोन महिने गेले; तोवर ती एका नातेवाइकाकडून रोज तासभर बसने येत-जात होती. मी म्हटले, "यातले निमित्त कोणते?" ती गप्प राहिली.

हा रकाना किती महत्त्वाचा आहे, हे सांगायला मी बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण देतो. शाळेत त्यांना संस्कृत शिकायचे होते. अस्पृश्य म्हणून ते शिकू दिले नाही. फारसी घ्यावी लागली. त्या विद्यार्थ्याने "मला संस्कृत येत नाही" असे एवढेच लिहिले असते, तर ते अर्धसत्य ठरले असते. त्याला संस्कृत नाकारले गेले होते. हा फरक त्यांनी स्वच्छ ओळखला. म्हणून ते स्वतःला कमी समजले नाहीत, आणि पुढे स्वतःच्या बळावर संस्कृत शिकलेही. आणि इथे आपल्या जिल्ह्याने अभिमान धरावा असे एक नाव येते. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या या मुलाला हेरले ते कृष्णराव अर्जुन केळूसकर गुरुजींनी, वेंगुर्ल्याजवळच्या केळूस गावच्या माणसाने. १९०७ साली मुलगा मॅट्रिक झाला तेव्हा त्यांनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले; पुढे सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकून महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून दिली. १९१२ साली भीमराव एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. झाले. मुलापाशी काय आहे आणि त्याला काय मिळालेले नाही, हे दोन्ही केळूसकर गुरुजींना एकाच वेळी दिसले. शिक्षकाकडून याहून अधिक काय मागावे?

आता आमच्या धंद्यातला एक रोगही कबूल करतो. संघटनेच्या माणसाला सगळे खापर मालकावर फोडायची सवय लागते. उशीर झाला, मालक. दारू प्यायला, मालक. तिसऱ्या रकान्याची गोडी अशी वाईट असते. जो विद्यार्थी फक्त तिसरा रकाना लिहितो, तो आळशी होतो. जो फक्त दुसरा लिहितो, तो खचतो. दोन्ही लिहावे लागतात, आणि त्यांत सरमिसळ होऊ द्यायची नाही. कारण दोघांचे उपाय वेगळे आहेत. दुसऱ्या रकान्याचा उपाय एकट्याने, उद्या सकाळपासून करायचा. तिसऱ्याचा उपाय एकट्याने होत नाही. तिथे चार जणांनी मिळून मागावे लागते.

कोणी म्हणेल, एवढी उस्तवार करायला विद्यार्थ्याला वेळ कुठे? आपल्या रत्नागिरीचे बळवंतराव टिळक १८७३ साली डेक्कन कॉलेजात गेले. त्यांनी पाहिले की बुद्धी आहे, पण शरीर किडकिडीत आहे. गुणपत्रिकेत शरीराचा रकाना नव्हता. तो त्यांनी स्वतः काढला. पहिले वर्ष तालीम, पोहणे आणि खाणे यांत घालवले, आणि त्यापायी अभ्यासात मागे पडले. पुढे गणित घेऊन पहिल्या वर्गात बी. ए. झाले. मंडालेची सहा वर्षांची शिक्षा ज्या शरीराने सोसली, ते त्या एका वर्षात घडवलेले होते. मुलांनो, वर्ष बुडवा असे मी सांगत नाही. तुमचे आईबाप मला गावात राहू देणार नाहीत. आपल्याला काय कमी आहे हे दुसऱ्याने सांगायच्या आधी पाहण्याची नजर घ्या, एवढेच सांगतो.

त्या मुलीचे पुढे काय झाले? धुळवडीनंतर ती फोंड्याच्या घाटाने एस. टी.ने परत गेली. आपल्यासारखी आणखी कोण आहेत, हे तिने वर्गात विचारले. सतरा निघाली, कोणी चंदगडकडची, कोणी राधानगरीची, कोणी इचलकरंजीच्या मागावर काम करणाऱ्यांची. त्यांनी मिळून विभागप्रमुखांना अर्ज दिला: आठवड्यातून एकदा प्रयोगशाळा आम्हांला सरावासाठी उघडी मिळावी, आणि अवघड शब्द समजावून देणारा एक तास व्हावा. प्रयोगशाळा शनिवारी दुपारी मिळाली. तास मिळाला नाही. तेव्हा शेवटच्या वर्षाची एक मुलगी वसतिगृहातच तो घेऊ लागली. रसायनशास्त्र त्या उन्हाळ्यात सुटले. पदार्थविज्ञानाने आणखी एक सत्र घेतले, आणि सुटले तेही चाळिशीतल्या गुणांनी. पेढे कोणी वाटले नाहीत. ती दुसऱ्या वर्षात आहे. तिच्या वहीत आता तीन सत्रांची तीन पाने आहेत. या खेपेला तिने मला ती दाखवली. "मिळाले नाही" या रकान्यातली एक ओळ तिने खोडली होती आणि पहिल्या रकान्यात लिहिली होती: "न समजल्यास विचारते."

पालकांना माझी एक विनंती आहे. यंदा मुलगा किंवा मुलगी घरी आली की "किती पडले" हा प्रश्न खुशाल विचारा. पैसे तुम्ही घालता, तो तुमचा हक्क आहे. पण त्याच्या मागोमाग दुसराही विचारा: "काय येऊ लागले, आणि काय अडते?" उत्तर लगेच येणार नाही. फणस कापताना, आंबे उतरवताना, दोन-चार दिवसांनी येईल. तेव्हा मध्येच बोलू नका, ऐकून घ्या.

विद्यार्थ्यांना एवढेच सांगतो. निकाल हा दुसऱ्याने तुमच्याविषयी लिहिलेला कागद आहे. तो वाचा, त्याचा मान राखा. पण आपल्याविषयीचा एक कागद स्वतःच्या हाताने लिहा. कुणी पुढे केलेल्या "जमणार नाही" या कागदावर, तो पुरता समजून घेतल्याशिवाय, सही करू नका. मी एकदा केली होती. तिची किंमत त्रेचाळीस माणसांनी दिली.